दापोलीसारख्या ठिकाणी पैसे भरून लीड (चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर) घेणे छोट्या कंत्राटदाराला परवडते का?

कौलारू

नमस्कार. मी दापोली तालुक्यात छपरांची दुरुस्ती, कौले बदलणे, पत्र्याची शेड उभारणे आणि स्लॅबचे वॉटरप्रूफिंग अशी कामे २०१६ पासून करतो. मी, माझा चुलतभाऊ आणि दोन कायमचे मजूर, एवढाच आमचा संसार आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरे उडवली आणि त्यानंतर जवळपास दोन वर्षे आम्हाला काम शोधावे लागले नाही. उलट पत्रे वेळेवर मिळत नव्हते म्हणून लोकांनाच थांबवून ठेवावे लागत होते. त्या दोन वर्षांत नवी माणसे जोडण्याची सवय मोडली, याची जाणीव मला उशिरा झाली. आता मार्च ते मे हे तीन महिने सोडले, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस रिकामे जातात.

गेल्या आठवड्यात एका सूचीसेवेचा प्रतिनिधी दुकानाच्या ओट्यावर तासभर बसून गेला. वर्षाला २४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २८,३२० रुपये भरायचे. त्यातले निम्मे आधी द्यायचे आणि उरलेले दरमहा बँक खात्यातून आपोआप कापले जाणार. त्या बदल्यात वॉटरप्रूफिंग किंवा छपराच्या कामासाठी आमच्या भागातून चौकशी करणाऱ्यांची नावे आणि फोन नंबर मला मिळतील, आणि अशा पंचवीस ते तीस लीड महिन्याला येतील, असे त्याने तोंडी सांगितले.

मी अगदीच कोरा नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ॲपवर सुट्या लीड विकत घेऊन पाहिल्या होत्या. प्रत्येकी १४० रुपयांप्रमाणे बारा लीड घेतल्या, जीएसटी धरून १,९८२ रुपये गेले. तिघांनी फोन उचललाच नाही. दोन चौकश्या खेड आणि महाड इथल्या निघाल्या, तिथे मी जात नाही. एक गृहस्थ स्वतःच केमिकलचे विक्रेते होते आणि त्यांना मलाच माल विकायचा होता. दोघांना फक्त चौरस फुटाचा भाव हवा होता; तो ऐकून त्यांनी फोन ठेवला. राहिलेल्या चौघांपैकी एकाने काम आधीच दुसऱ्याला दिले होते. तिघांकडे मी प्रत्यक्ष गेलो आणि हर्णैमधले ६०० चौरस फुटांच्या गच्चीचे एक काम मिळाले. त्याचे बिल २७,००० रुपयांचे झाले. माल आणि मजुरी वजा जाता ६,२०० रुपये उरले. त्यातून लीडचे पैसे आणि तीन फेऱ्यांचे साडेसहाशे रुपयांचे पेट्रोल काढले, तर माझ्या हातात साधारण साडेतीन हजार राहिले. या सगळ्यात माझे स्वतःचे अडीच दिवस गेले ते मी धरलेले नाहीत.

आता हा नफा म्हणायचा की तोटा, हेच मला ठरवता येत नाही. भाऊ म्हणतो, बारामध्ये एक काम मिळाले तर तीनशेमध्ये पंचवीस मिळतील. मला हा हिशेब इतका सरळ वाटत नाही, पण तो कुठे चुकतो हेही नेमके सांगता येत नाही. कोकणात राहून अशा सेवा वापरलेल्या कुणाचा अनुभव असेल, तर कृपया आकड्यांसह लिहावा. "चांगले आहे" किंवा "सगळे फसवे आहे" अशी उत्तरे मला बाजारात रोज मिळतात.

---

जांभा

आपला भाऊ चुकतो ते पावसाच्या बाबतीत. मी रत्नागिरीत हेच काम करतो आणि अशाच एका सूचीसेवेचे वार्षिक पॅकेज दोन वर्षे घेतले होते. पहिल्या वर्षी १८,००० रुपये आणि कर मिळून २१,२४० रुपये भरले. सगळ्या लीड मी एका वहीत तारखेसह उतरवल्या होत्या, त्यामुळे पुढचे आकडे आठवणीतले नसून वहीतले आहेत.

वर्षभरात ६१ चौकश्या आल्या. त्यांपैकी ३८ जून आणि जुलै या दोन महिन्यांत आल्या, आणि माझ्या मते आपल्या धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. माणसाला गळती आठवते ती डोक्यावर पाणी पडू लागल्यावर. मग तो फोन हातात घेतो, शोधतो, अर्ज भरतो आणि कंपनीच्या दृष्टीने एक लीड तयार होते. परंतु वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जुलैमध्ये आपण त्या गच्चीवर करणार काय? ॲक्रिलिक कोटिंगला कोरडा स्लॅब लागतो. शेवाळ धरलेल्या कौलांवर मी माझ्या माणसाला चढवत नाही. फार तर ताडपत्री बांधून देता येते. म्हणजे गळती दिसते तेव्हा काम होत नाही, आणि काम होते तेव्हा गळती दिसत नाही. पॅकेज विकणाऱ्याचा वर्षाचा कोटा मात्र त्या दोन महिन्यांत आरामात भरतो. आपण बारा लीड कोणत्या महिन्यात घेतल्या होत्या ते लिहिलेले नाही, परंतु काम झाले त्याअर्थी बहुधा पावसाआधीच्या असाव्यात. त्या प्रमाणाने जुलैच्या लीड मोजू नयेत.

आता पैशांचे सांगतो. २१,२४० भागिले ६१ केले की एक लीड ३४८ रुपयांना पडते आणि ती स्वस्त वाटते. प्रतिनिधी आपल्याला हाच भागाकार करून दाखवतो. मला मात्र त्या ६१ मधून वर्षभरात पाच कामे मिळाली. तेव्हा भागाकार पाचने करायला हवा, आणि मग एका कामामागे ४,२४८ रुपये होतात. त्याखेरीज मी बावीस घरी जाऊन आलो. जयगडपासून पावसपर्यंतच्या या फेऱ्या सरासरी चारशे रुपयांना पडल्या, म्हणजे ८,८०० रुपये, दर कामामागे आणखी १,७६०. थोडक्यात, एक काम मिळवण्यासाठी मी सहा हजार रुपये खर्च केले. त्या पाच कामांत माल-मजुरी जाऊन सरासरी नऊ हजार सुटले होते, म्हणून वर्ष बुडाले नाही इतकेच. ज्याची कामे पाच-सात हजारांच्या बिलाची असतात, उदाहरणार्थ फुटकी कौले बदलणे, पन्हळ जोडणे, एखाद्या मोरीची गळती थांबवणे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याचे सरासरी काम पन्नास हजारांच्या वरचे आहे त्याला हाच खर्च जाणवणारही नाही.

दुसऱ्या वर्षी मी विचार न करता नूतनीकरण केले आणि दोन कामे मिळाली. का कमी झाली, असे विचारल्यावर आपल्या भागात आता स्पर्धा वाढली आहे असे उत्तर आले. ते खरेही होते, कारण तीच लीड त्यांनी माझ्यासह आणखी चार-पाच जणांना विकली होती आणि त्यातला प्रत्येक नवा गिऱ्हाईक त्यांनी माझ्यासारखाच ओट्यावर बसून मिळवला होता.

एक गोष्ट मात्र या पॅकेजने मला शिकवली. जुलैमधल्या चौकश्या फुकट घालवायच्या नाहीत. घरी जावे, ओल कुठे आहे, भिंतीत कुठून उतरते, कठड्याला तडा आहे का, हे पाहावे, ओल्या भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. मग पाऊस उघडल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तेच फोटो पाठवून फोन करावा. भिंत तोवर वाळलेली असते आणि मालक विसरलेला असतो. फोटो पाहिला की त्याला आठवते. वर सांगितलेल्या पाच कामांपैकी तीन अशी ऑक्टोबरनंतर झाली. अर्थात ही युक्ती ओळखीतून आलेल्या फोनलाही तशीच लागू पडते आणि तिथे लीडचे पैसे पडत नाहीत.

---

खारा वारा

श्री. जांभा यांचे म्हणणे त्यांच्या धंद्यापुरते मला पटते. माझ्या धंद्याचे गणित वेगळे आहे म्हणून लिहितो. मी मालवणमध्ये एसी आणि गीझर यांची दुरुस्ती व सर्व्हिसिंग करतो. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल आणि पत्रा लवकर खराब होतो. ज्याने एकदा मला बोलावले त्याला मी वर्षातून दोन-तीन वेळा लागतोच. तेव्हा एका लीडमधून मला एक काम मिळत नाही, एक घर मिळते. तीन वर्षांपूर्वी एका लीडमधून तारकर्लीचा आठ खोल्यांचा होमस्टे मिळाला. मालक पुण्याचे आहेत, इथे त्यांची कुणाशीच ओळख नव्हती. त्यांचे वार्षिक देखभालीचे काम अजून माझ्याकडे आहे आणि त्यांनी शेजारच्या दोघांना माझा नंबर दिला. त्या एका लीडचे मी दोनशे रुपयेसुद्धा दिले नव्हते.

मात्र मी वार्षिक पॅकेज कधीच घेतले नाही. आधी थोडे पैसे भरून ठेवायचे आणि हवी ती लीड पाहून तेवढेच वजा करायचे, असा प्रकार मी वापरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो बंद ठेवतो, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबल्या की पर्यटक ओसरतात आणि लॉजवाल्यांना एसीची आठवण राहत नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा चालू करतो.

शिवाय लीड हाती आल्यापासून पाच मिनिटांत फोन गेला तरच तिचा उपयोग होतो, असे माझे निरीक्षण आहे. संध्याकाळी निवांत फोन करू म्हटले तर गिऱ्हाईक तोवर तिघांशी बोलून कंटाळलेले असते. आणि जिथे आपली ओळख आहे त्या गावची लीड मी घेत नाही. ते काम आले तर तसेही माझ्याकडेच येणार असते.

---

पागोळी

पाच मिनिटांचा मुद्दा वाचून हसू आले. आमचे फॅब्रिकेशनचे काम राजापूर तालुक्यात आहे. यजमान शेडवर वेल्डिंग करत असतात, खाली घळीत रेंज नसते आणि फोन माझ्याकडे असतो. सुरुवातीला तो त्यांच्याच खिशात असायचा, तेव्हा पैसे भरून घेतलेल्या लीडपैकी निम्म्या संध्याकाळपर्यंत शिळ्या होत. आता मी फोन घेते, गाव, लांबी-रुंदी आणि छपराचा प्रकार लिहून घेते, आणि "उद्या सकाळी माप घ्यायला येतील" असे लगेच सांगते. एवढ्यानेच फरक पडला. आपल्याकडे फोन घ्यायला घरात कुणी मोकळे आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर पॅकेजचा विचारच नको.

दुसरे म्हणजे गूगलवर धंद्याची नोंद करायला पैसे लागत नाहीत. पूर्वी तिला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ पासून गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. दुकान नसेल तर पत्ता न दाखवता आपण कोणत्या गावांत सेवा देतो तेवढेच त्यात भरता येते. "तुमची गूगलची नोंद बंद पडणार आहे, पैसे भरा" असे फोन आम्हाला महिन्यातून एकदा तरी येतात. ते गूगलचे नसतात. आमच्या नोंदीवर अवघे एकोणीस अभिप्राय आहेत, परंतु फोटोंखाली गावांची नावे असल्यामुळे लोक त्यावर विश्वास ठेवतात असे दिसते.

---

डोंबिवली-गुहागर

मी या धंद्यात नाही. ज्याला आपण सगळे लीड म्हणता तो मी आहे.

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे, चिऱ्याचे, वर मंगलोरी कौले आणि मागच्या बाजूला नंतर काढलेला स्लॅब. गेल्या मे महिन्यात त्या स्लॅबसाठी मी एका संकेतस्थळावर नाव आणि नंबर भरला. तासाभरात सात फोन आले. त्यातले तीन पुण्याचे होते आणि त्यांतल्या एकाला गुहागर कोणत्या जिल्ह्यात आहे हे ठाऊक नव्हते. एक जण दापोलीचा होता, बोलणे चांगले होते, परंतु दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून यायचे म्हणून त्याने येण्या-जाण्याचे वेगळे पैसे सांगितले. त्याचे काही चुकले नाही, पण तोवर मी इतका वैतागलो होतो की सगळ्यांना नको म्हणून सांगितले. पुढे आठ दिवस फोन येतच राहिले.

काम शेवटी कुणाला दिले? ज्या शेजारच्या काकांकडे घराची किल्ली असते त्यांनी सांगितलेल्या माणसाला. तो सर्वांत स्वस्त नव्हता, किंबहुना त्याचा भाव मी कुणाशी ताडूनही पाहिला नाही. मुंबईत बसून ॲडव्हान्स पाठवायचा आणि गच्चीवर खरोखर काय झाले ते गणपतीत गेल्यावर कळायचे, अशा व्यवहारात मला भावापेक्षा जवळ राहणारा साक्षीदार हवा असतो. कोकणातल्या बहुतेक बंद घरांचा मालक माझ्यासारखाच दूर आहे आणि त्याचा निर्णय किल्लीवाला घेतो, हे त्या सात जणांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. "घराची किल्ली कुणाकडे असते? मी आज त्यांच्यासमोर गच्ची पाहून घेतो," असे कुणी म्हटले असते, तर मी काम त्याला दिले असते.

याशिवाय सांगायचे तर, गच्चीवरून व्हिडिओ कॉल करणारा, माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून देणारा आणि पैसे तीन टप्प्यांत घेणारा माणूस मला कुठल्याही संकेतस्थळाच्या पाच ताऱ्यांपेक्षा भरवशाचा वाटतो. आमच्या गावाचे मुंबईत मंडळ आहे, त्याचा व्हॉट्सॲप गट आहे, आणि कुणाचे काम बिघडले तर त्याची वार्ता त्या गटात दुसऱ्या दिवशी पोचते. चांगल्या कामाची थोडी उशिरा पोचते, पण पोचते.

---

वहीखाते

मी चिपळूणमध्ये करसल्लागार म्हणून काम करतो. लीड घ्याव्यात की नाही यावर माझे मत देत नाही. सही करण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी सांगतो.

आपली वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि आपण जीएसटीची नोंदणी केलेली नसेल, तर पॅकेजवर भरलेला १८ टक्के कर परत मिळत नाही. आपल्या बाबतीत ते ४,३२० रुपये सरळ खर्चात धरावेत. नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमित पद्धतीत त्याची वजावट घेता येते, त्यामुळे तेच पॅकेज त्याला २४,००० लाच पडते. प्रतिनिधी दोघांना एकच किंमत सांगतो.

खात्यातून आपोआप पैसे कापण्याची जी संमती आपण देतो ती कोणत्या रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. शेवटची तारीख कोरी सोडू नये. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी ती कोरी ठेवली होती आणि मुदत संपल्यावरही पाच महिने हप्ते जात होते; त्यांनी बँकेचे पासबुक वर्षातून एकदाच भरून आणले, त्यामुळे कळायला वेळ लागला. संमती रद्द करायची असल्यास आपल्या शाखेत लेखी अर्ज करून पोच घ्यावी. यूपीआयवरून दिली असेल तर त्याच ॲपमधून रद्द करता येते. प्रतिनिधीला फोन करून "बंद करा" म्हटल्याने ती बंद होईल असे समजू नये. पुढच्या तारखांचे धनादेश देणे मात्र टाळावे, कारण ते न वटल्यास प्रश्न वेगळ्याच कायद्यात जातो.

महिन्याला पंचवीस ते तीस लीड हे तोंडी आश्वासन अर्जावर लिहून मागावे. बहुतेक छापील अर्जांत याच्या नेमके उलट वाक्य असते: व्यवसाय मिळण्याची कोणतीही हमी कंपनी देत नाही. ते वाक्य वाचून दाखवा आणि मग प्रतिनिधीचा चेहरा पाहा.

तक्रारीची वेळ आलीच, तर व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सामान्यतः बसत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा त्या कायद्याने अपवाद केला आहे; त्या अपवादात सेवेचा उल्लेख मात्र नाही. चार माणसांचे आपले काम त्या अपवादात येते की नाही यावर समोरची बाजू वाद घालणार, हे गृहीत धरावे. आले, तर आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आधी तिथे बोलून पाहणे बरे.

हा वाद आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेत होमॲडव्हायझर ही मोठी कंपनी घरदुरुस्तीच्या कंत्राटदारांना लीड विकत असे. तिच्याविरुद्ध तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये तक्रार दाखल केली. लीडच्या दर्जाबद्दल आणि त्यांतून कामे मिळण्याच्या प्रमाणाबद्दल कंत्राटदारांची दिशाभूल केली, तसेच कित्येक लीड त्यांनी सांगितलेल्या कामाच्या किंवा भागाच्या नव्हत्या, असे आरोप होते. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत कंपनीने ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे ठरले. आपल्या बारा लीडचा तपशील वाचताना मला त्या तक्रारीचीच आठवण झाली. महाडची चौकशी दापोलीच्या माणसाला विकणे हा प्रकार तिथेही होताच.

---

जांभा

श्री. डोंबिवली-गुहागर यांनी किल्लीवाल्याचे जे लिहिले आहे ते वाचून मी माझी जुनी वही पुन्हा काढली. ज्या पाच जणांनी मला काम दिले, त्यांपैकी चौघांचे घर वर्षाचे दहा महिने बंद असते आणि मी पाहायला गेलो तेव्हा शेजारचे कुणीतरी हजर होते. पाचवे रत्नागिरीत बदलून आलेले सरकारी नोकर होते. इथे राहणाऱ्या, चार माणसांत वावरणाऱ्या एकाही कुटुंबाकडून या मार्गाने मला काम मिळालेले नाही. ते लोक चौकशी करतात ती बहुधा आपल्या नेहमीच्या माणसाचा भाव तपासण्यासाठी. हे त्या वेळी मला दिसले नव्हते.

---

कौलारू

सर्वांचा आभारी आहे. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण मधल्या वेळात प्रतिनिधीला पुन्हा बोलावून घेतले.

त्याला मी विचारले की एक लीड आणखी किती जणांना जाते. तो म्हणाला, जास्तीत जास्त पाच. खेड आणि महाड वगळता येईल का, असे विचारल्यावर तालुका निवडता येतो, परंतु मग लीडची संख्या कमी होईल असे उत्तर मिळाले. मागच्या वर्षी दापोली तालुक्यातून वॉटरप्रूफिंगसाठी महिनावार किती चौकश्या आल्या, हे दाखवायला त्याने नकार दिला. पंचवीस-तीसचा आकडा लिहून द्या म्हटल्यावर तो म्हणाला, "दादा, विश्वासाचा धंदा आहे." त्याचाही काही दोष नाही, मुलगा खेडचा आहे आणि त्याला महिन्याचे लक्ष्य आहे. त्याला चहा पाजून परत पाठवले.

श्री. जांभा यांनी महिना विचारला होता. माझ्या बारा लीड एप्रिलमधल्या होत्या, हे ताडून पाहिल्यावर भाऊसुद्धा गप्प झाला. आम्ही असे ठरवले आहे की वार्षिक पॅकेज घ्यायचे नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्या लीड घ्यायच्या, त्याही हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर या किनाऱ्यालगतच्या गावांपुरत्या. तिथे बाहेरच्यांची घरे आणि रिसॉर्ट आहेत आणि त्यांना आमची माहिती नाही. यासाठी ६,००० रुपयांची मर्यादा ठेवली आहे. तेवढ्यात किमान दोन कामे चाळीस हजारांच्या वरची झाली नाहीत, तर पुढच्या वर्षी ते पैसे गणपतीत गावोगाव फिरण्याच्या पेट्रोलला जातील. फोन आता माझ्या पत्नीकडे राहील. गूगलची नोंद तिने काल केली. फोटो चढवताना आमच्याकडे काम पूर्ण झाल्याचे फोटो भरपूर आहेत आणि आधीचे एकाचेही नाही, हे लक्षात आले.

एक शंका मात्र राहिली आहे. जुलैमध्ये ओल पाहायला जायचे, फोटो काढायचे आणि काम ऑक्टोबरमध्ये मिळेल किंवा मिळणार नाही, तर त्या भेटीचे पैसे मागावेत का? आमच्याकडे पाहायला आलेल्या माणसाने पैसे मागितले तर लोकांना ते विचित्र वाटते.

---

जांभा

मी तीनशे रुपये घेतो आणि पुढे काम झाले तर बिलातून वजा करतो. फोनवरच तसे सांगून टाकतो. पहिल्या वर्षी मलाही संकोच वाटायचा. तीनशे ऐकून जो फोन ठेवतो, त्याच्याकडे मी पूर्वी चारशेचे पेट्रोल जाळून जात होतो. घर बंद असेल तर पैसे मालकाकडून ऑनलाइन घ्यावेत, किल्लीवाल्या काकांकडे कधीही मागू नयेत. त्यांना फक्त ओल दाखवावी आणि त्यांच्यासमोर शिडी लावावी.